आयडिया की नाइम? संरक्षण करारांच्या ऑडिटसाठी काय घ्यावं

सैन्याला शस्त्रं-दारूगोळा पुरवणाऱ्या सरकारी कारखान्यांचं ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड 1 ऑक्टोबर 2021 ला संपलं आणि त्याच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. कंपनी म्हटली की कॅगने नेमलेले वैधानिक लेखापरीक्षक आले, त्यामुळे संरक्षणाच्या फायली आता सीए फर्मच्या टेबलावर जास्त दिसतात. त्यांना माल पुरवणारे भोसरी-चाकणचे कारखानदार तर आपले जुनेच क्लायंट. म्हणून हल्ली ओळखीतल्या दोन-तीन फर्म्सनी एकच प्रश्न विचारला: एक्सेल पुरत नाही, तर आयडिया घेऊ की नाइम? दोन्ही मोठा डेटा तपासायची सॉफ्टवेअरं. आम्ही ती दोन्ही वापरून एकावर स्थिरावलो आहोत, म्हणून लिहितो.

एक्सेल का पुरत नाही हे ज्याने पुरवठादारांची यादी तपासली त्याला सांगायला नको. पंधरा आकड्यांपुढे त्याचा भरवसा नाही. बँक खात्याचा क्रमांक 16 आकडी असला आणि कॉलम नंबर म्हणून उघडला, की शेवटचा आकडा शून्य होतो. मग दोन वेगळ्या पुरवठादारांचं खातं एकच दिसायला लागतं, आणि आर्टिकलचा (सीएचं प्रशिक्षण घेणारा) मुलगा घोटाळा सापडला म्हणून धावत येतो. (नाइमचा सीएसव्ही रीडरही कॉलमचा प्रकार स्वतःच ठरवतो, त्यामुळे खातं शून्याने सुरू होत असेल तर ते शून्य उडतं. फाइल घेतानाच कॉलमला ‘स्ट्रिंग’, म्हणजे मजकूर, करा.)

आयडियाबद्दल मला आदर आहे. कॅनडाच्या महालेखापरीक्षकांच्या कार्यालयात जन्मलेलं हे सॉफ्टवेअर, आणि ते ऑडिटरनेच बनवलंय हे पदोपदी कळतं. घेतलेल्या मूळ डेटाला हात लावता येत नाही. काय केलं, कधी केलं, याची नोंद आपोआप राहते. बिलांचे मधले गायब क्रमांक, दुबार देयकं, बेनफर्ड (रकमांच्या पहिल्या आकड्यांवरून संशयास्पद नोंदी हेरायची चाचणी), सँपलिंग, सगळं मेन्यूत तयार. छापील रिपोर्टच्या टेक्स्ट किंवा पीडीएफ फायलींमधून तक्ता काढायची सोयही चांगली आहे, आणि सरकारी सिस्टिममधून डेटा त्याच रूपात हाती पडतो तेव्हा तिची किंमत कळते. आपल्याकडे कॅगच्या कार्यालयांत ते वर्षानुवर्षं चालतंय. नाइमही तिथे पोचलंय, पण ‘आम्ही आयडियावर तपासलं’ म्हटलं की समोरचा पुढचा प्रश्न विचारत नाही, हेही खरं.

आमचं घोडं अडलं ते एलडीवर, म्हणजे उशिराच्या दंडावर.

2009 च्या डीपीएमप्रमाणे (संरक्षण मंत्रालयाची खरेदी नियमावली) उशीर झालेल्या मालाच्या किमतीवर दर आठवड्याला, किंवा आठवड्याच्या भागाला, 0.5 टक्का, कमाल 10 टक्के. ऐकायला सोपं. आता एक सप्लाय ऑर्डर धरा, 40 लाखांची. मूळ डिलिव्हरीची तारीख 31 मार्च. करारातल्या पहिल्या दुरुस्तीने ती 30 जून झाली, एलडी माफ. दुसऱ्या दुरुस्तीने 30 सप्टेंबर, पण एलडीसह. माल आला 10 ऑगस्टला. शेवटची तारीख धरली तर दंड शून्य. मूळ तारीख धरली तर 132 दिवस, म्हणजे 19 आठवडे, साडेनऊ टक्के, 3 लाख 80 हजार. बरोबर उत्तर मात्र 30 जूनपासून मोजायचं, कारण माफी तिथपर्यंतच होती: 41 दिवस, सहा आठवडे, 3 टक्के, 1 लाख 20 हजार. एकाच मालाचे तीन हिशेब, आणि तिन्ही कागदावर नीट दिसतात.

म्हणजे माल आल्याच्या प्रत्येक नोंदीसमोर त्या ऑर्डरच्या सगळ्या दुरुस्त्या आणून त्यातून माफीवाली शेवटची तारीख निवडावी लागते. आयडियाचं नेहमीचं ‘जॉइन’ दुसऱ्या फाइलमधली पहिली जुळणारी ओळ उचलतं आणि पुढे जातं. हा दोष नव्हे, त्याची रचनाच तशी आहे. एकाला अनेक जोडायचं तर ‘व्हिज्युअल कनेक्टर’ वापरायचा, मग गाळायचं, मग समरी काढायची. जमतं. पण दर पायरीला नवी फाइल तयार होते, आणि पुढच्या तिमाहीत हीच कवायत पहिल्यापासून, नाहीतर स्क्रिप्ट लिहून ठेवायची. आमच्याकडे स्क्रिप्ट लिहिणारा मुलगा सीए झाला आणि गेला. त्या स्क्रिप्टचं काय करायचं ते मागे कुणालाच ठाऊक नव्हतं.

नाइममध्ये एकेका पायरीचा एकेक डबा पडद्यावर ओळीने जोडायचा असतो. तिथे हेच पाच डबे: जॉइनर, रो फिल्टर, ग्रुपबाय, दिवस मोजायला डेट-टाइम डिफरन्स, आणि आठवडे वर ओढून पूर्ण करायला मॅथ फॉर्म्युला. पुढच्या तिमाहीत फाइल बदला आणि चालवा, दिवे हिरवे होतात. एका चर्चेत समोरच्या लेखाधिकाऱ्यांनी विचारलं, “साहेब, ही 30 जून कुठून आणली?” जॉइनरवर क्लिक केलं, त्या ऑर्डरच्या तिन्ही तारखा पडद्यावर. ते म्हणाले, “मग ठीक आहे,” आणि पुढच्या मुद्द्याला गेले. आयडियातही दाखवता आलं असतं, मधली फाइल शोधून. पण तेवढ्या वेळात बैठकीचा नूर बदलतो.

शिवाय 1 नोव्हेंबर 2025 पासून नवी डीपीएम आली आणि तिने एलडीचे नियम काही बाबतीत सैल केले. जुने करार जुन्या दराने, नवे नव्या दराने. दरांचा छोटा तक्ता वेगळा ठेवला की तोही त्याच प्रवाहात जोडता येतो.

पैशाचं बोलायचं तर नाइमची डेस्कटॉप आवृत्ती फुकट आहे, आयडियाचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. पण फुकट म्हणून घेऊ नका. नाइम रॅम खातं, आणि मूळ डेटा बदलू नये याची शिस्त तुम्हालाच पाळावी लागते. आम्ही मूळ फाइल रीड-ओन्ली करून तिचा हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारा तिचा ठसा) वर्किंग पेपरमध्ये लिहून ठेवतो.

तुमचं काम मुख्यतः देयकांची छाननी आणि सँपलिंग असेल, मुलं दरवर्षी बदलत असतील, तर आयडिया शांतपणे घ्या, पस्तावणार नाही. दुरुस्त्यांनी भरलेले पुरवठा करार हेच तुमचं काम असेल, तर मी नाइमकडे बोट दाखवीन. फक्त क्लायंटच्या आवारात नेट नसतं, पेन ड्राइव्ह गेटवरच अडतो आणि आपला लॅपटॉप आत जात नाही. तेव्हा नाइमला लागणारी एक्स्टेन्शन्स (जास्तीचे डबे) ऑफलाइन झिपमध्ये आधीच घेऊन ठेवा आणि ती त्यांच्या मशीनवर टाकायची लेखी परवानगी एंगेजमेंट लेटरसोबतच (कामाच्या अटींच्या पत्रासोबतच) मागा.