आहार की डोळ्यांचे व्यायाम?
भाची विचारते, लेकाचा मायनस नंबर घालवायला गाजर-पालक वाढवू की व्यायाम लावू? नंबर दोन्हींनी जात नाही. त्यात नेत्रगोल लांबट झालेला असतो, तो खाण्याने आखडत नाही.

खर्चात फरक थोडाच. शेवग्याचा पाला, पपई स्वस्त. व्यायाम फुकट, पण रोज करून घ्यावे लागतात.

उपयोग मात्र वेगळा. 'अ' जीवनसत्त्व कमी पडून रातांधळेपणा आला असेल, तर आहार आणि डॉक्टरांनी दिलेला डोसच हवा. भाजीला तेलाची फोडणी द्या, त्याशिवाय ते नीट अंगी लागत नाही. वाचताना दोन्ही डोळे एकत्र आत वळत नसतील, तर पेन्सिल नाकाकडे आणण्याचा सराव.

लेकाला चष्माच. धाकटीला रोज मैदानावर पाठव. उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत हा नंबर कमी लागतो.