आवाज करणारा डिशवॉशर: स्वतः पाहावा, मेकॅनिक बोलवावा की नवा घ्यावा?

डिशवॉशर नेहमीपेक्षा जास्त आवाज करू लागला की घरात तीन मते पडतात: आधी स्वतः पाहू, सर्व्हिस सेंटरला फोन करू, किंवा जुना झालाच आहे तर बदलून टाकू. या पर्यायांची तुलना बहुधा खर्चावरून केली जाते. माझ्या मते ती आधी आवाजाच्या वेळेवरून करावी, कारण आवाज किती मोठा आहे यापेक्षा तो धुण्याच्या कोणत्या टप्प्यावर येतो, यावरून दोष कुठे आहे याचा अंदाज अधिक नेमका बांधता येतो.

यंत्र आधी व्हॉल्व्हमधून पाणी आत घेते, मग मुख्य पंप ते पाणी फिरत्या स्प्रे आर्ममधून भांड्यांवर मारतो आणि शेवटी तळाशी असलेला छोटा ड्रेन पंप ते बाहेर टाकतो. पाणी भरताना सळसळ आणि बाहेर जाताना गुरगुर ऐकू येणे स्वाभाविक आहे. त्यामुळे एखादा छोटा प्रोग्रॅम लावून यंत्राजवळ बसावे, नवा आवाज नेमका केव्हा सुरू होतो आणि केव्हा थांबतो ते पाहावे आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवावे. मेकॅनिक आल्यावर यंत्र गप्प बसल्याचा अनुभव अनेकांना येतो, तेव्हा ही रेकॉर्डिंग फार कामाला येते.

भांड्यांवर पाणी मारले जात असताना ठरावीक लयीत टकटक होत असेल, तर मेकॅनिकची गरज नाही. आपल्याकडे झारा, उलथने, डाव अशी लांब दांड्याची भांडी असतात. त्यांतले एखादे जाळीतून खाली सरकते किंवा कढईचा कान आडवा येतो आणि फिरणारे स्प्रे आर्म प्रत्येक फेरीला त्यावर आपटते. दरवाजा लावण्यापूर्वी दोन्ही स्प्रे आर्म हाताने एकदा फिरवून पाहिले की हे लगेच कळते. भांडी एकमेकांना लागून होणारी खडखडही मांडणी बदलली की थांबते. खळखळ आणि हवा ओढल्यासारखा आवाज येत असेल, तर आत फेस झाला आहे का ते पाहावे. हाताने भांडी घासण्याचे लिक्विड यंत्रात गेले की पंप पाण्याबरोबर हवाही ओढू लागतो.

पाणी भरणे थांबताच भिंतीतून धप्प असा आवाज येणे, हा प्रकार यंत्रापेक्षा नळाच्या दाबाशी अधिक संबंधित असतो. इमारतीच्या खालच्या मजल्यांवर किंवा प्रेशर पंप असलेल्या घरांत तो जास्त जाणवतो. अँगल कॉक, म्हणजे यंत्राला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ, थोडा आवळून पाहावा; तेवढ्याने भागले नाही, तर प्लंबरला सांगावे.

स्वतः तपासण्यासारखी सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे फिल्टरखालचा खळगा. पाणी बाहेर टाकताना करकर किंवा दळल्यासारखा आवाज येत असेल, किंवा पंप नुसताच गुणगुणतो आणि पाणी जात नसेल, तर काचेचा तुकडा, लिंबाची बी, चिंचोका किंवा टूथपिक ड्रेन पंपाच्या पंख्यात अडकल्याची शक्यता मोठी असते. प्लग काढावा, नळ बंद करावा, फिल्टर फिरवून उचलावा आणि साचलेले पाणी स्पंजने टिपून घ्यावे. अनेक यंत्रांत तिथे पंपाचे छोटे झाकण असते आणि ते कसे काढायचे हे मॅन्युअलमध्ये दिलेले असते. आत थेट बोट घालू नये, कारण काच असली तर ती पाण्यात दिसत नाही. जाड हातमोजा घालावा किंवा चिमटा वापरावा. पंखा हलवताना तो अडखळत, टप्प्याटप्प्याने फिरल्यासारखा वाटला तर घाबरू नये. बऱ्याच ड्रेन पंपांत आत चुंबक असते आणि त्यामुळे तो तसाच फिरतो. या तपासणीला पैसा लागत नाही आणि ती मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे केली, तर वॉरंटीलाही सहसा बाध येत नाही. मात्र बाजूचे पत्रे किंवा तळ उघडण्याचे काम घरी करू नये.

मेकॅनिकची बाजू नेमकी तिथून सुरू होते. धुण्याच्या टप्प्यात सतत चढी घरघर किंवा शिट्टीसारखा आवाज येत असेल, तो महिन्यागणिक वाढत असेल आणि यंत्र रिकामे चालवूनही तसाच राहत असेल, तर मुख्य पंपाचे बेअरिंग झिजले असावे. सायट्रिक ॲसिड घालून यंत्र रिकामे चालवल्याने क्षार निघतात आणि बोअरवेलचे जड पाणी वापरणाऱ्यांनी ते अधूनमधून करणे चांगलेच. पण झिजलेले बेअरिंग त्याने बरे होत नाही. दुसरी खूण अधिक तातडीची आहे. प्रोग्रॅम संपूनही ड्रेन पंप थांबतच नसेल, तर गळती होऊन तळाच्या ट्रेमध्ये पाणी साचल्याची आणि पूररोधक स्विच चालू झाल्याची शक्यता असते. अशा वेळी प्लग काढून, नळ बंद करून लगेच फोन करावा.

कंपनीचा तंत्रज्ञ आणि ओळखीचा स्थानिक मेकॅनिक यांत निवड करायची असेल, तर ड्रेन पंपाच्या किरकोळ कामासाठी स्थानिक माणूस पुरतो, मात्र त्याने डिशवॉशर उघडलेले आहेत का, हे आधी विचारावे. केवळ वॉशिंग मशीनचा अनुभव इथे पुरेसा नाही. मुख्य पंपासाठी मी कंपनीचाच माणूस बोलवीन. अनेक नव्या यंत्रांत हीटर आणि पंप एकाच भागात असतात, त्यामुळे बेअरिंग वेगळे मिळत नाही आणि अख्खा भाग बदलावा लागतो. तो अस्सल असणे आणि त्यावर लेखी वॉरंटी मिळणे, या दोन्ही गोष्टींना इथे मोल आहे. काम सुरू करण्यापूर्वी खर्चाचा लेखी अंदाज मागावा आणि काढलेला भाग पाहून घ्यावा.

नव्या यंत्राचा विचार मी हा अंदाज हाती आल्यानंतरच करीन. यंत्र आठ-दहा वर्षांचे असेल, मुख्य पंप गेला असेल, शिवाय जाळ्यांना गंज किंवा दरवाजाला गळती असेल आणि दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्या किमतीच्या घरात जात असेल, तर बदलणे शहाणपणाचे. तीन-चार वर्षांच्या यंत्राबाबत मात्र कोणी तळ उघडून पाहिलेला नसताना केवळ आवाजाला कंटाळून ते काढून टाकणे मला पटत नाही. निम्म्याहून कमी खर्चात ते आणखी बरीच वर्षे चालू शकते.

नवा घेतलाच, तर लेबलवरचे डेसिबल जरूर पाहावेत: दहा डेसिबलचा फरक कानाला साधारण दुप्पट आवाजासारखा जाणवतो, म्हणजे 54 ऐवजी 44 चे यंत्र स्वयंपाकघराला लागून हॉल असलेल्या घरात खरोखर उपयोगी ठरते. पण तो आकडा प्रमाणित परिस्थितीत मोजलेला असतो. पाय समतल नसतील, यंत्र ओट्याच्या फळीला टेकत असेल किंवा ड्रेनचा पाइप मागे दाबला गेला असेल, तर महागडे यंत्रही थरथरेल. म्हणून बसवायला आलेल्या माणसाकडून स्पिरिट लेव्हल लावून पाय नीट करून घ्यावेत आणि तो जाण्यापूर्वी एक प्रोग्रॅम त्याच्यासमोर चालवून ऐकावा.