पीएमईजीपी की मुद्रा? एका कांडपवाल्याचा हिशेब

अनुदानाच्या बाबतीत पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, म्हणजेच बँकेच्या कर्जाला सरकारी अनुदानाची जोड देणारी पीएमईजीपी योजना, मुद्रा कर्जापेक्षा सरस. ग्रामीण भागात सर्वसाधारण प्रवर्गाला प्रकल्प खर्चाच्या 25 टक्के, तर महिला, अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्गीयांना 35 टक्के अनुदान मिळते. मुद्रा या छोट्या उद्योगांच्या कर्जयोजनेत सवलत आहे ती केवळ तारणाची, म्हणजे काही गहाण ठेवावे लागत नाही एवढीच. चार लाखांच्या मिरची कांडपासाठी मी आधी पीएमईजीपीकडेच वळलो, ते सरळसरळ एक लाख वाचतील या हिशेबाने. मात्र हे अनुदान हाती पडत नाही, तीन वर्षे बँकेत ठेव म्हणून राहते. कर्जाच्या तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही, हे खरे. पण मिरची भरायला ते पैसे उपयोगी पडत नाहीत.

तरीही मी थांबलो असतो, पण आडवे आले ते कोटेशन. यंत्रविक्रेत्याच्या कोटेशनची मुदत तीस दिवसांची, आणि फाइल बँकेत पोहोचून कोणी ती उघडेपर्यंत ती उलटून गेलेली. दुसरे आणले, तेही शिळे झाले; तिसऱ्यात यंत्राची किंमत अठरा हजारांनी वाढलेली होती. एवढ्यात मे सरला. कांडपाचा धंदा फेब्रुवारी ते मे एवढाच. मृगाआधी घरोघरी वर्षाचे तिखट बरणीत गेले, की गिऱ्हाईक फिरकत नाही.

पुढच्या हिवाळ्यात मी पाच लाखांपर्यंतच्या ‘किशोर’ गटात मुद्रा कर्ज घेतले आणि तीन आठवड्यांत यंत्र दारात आले. सर्वांनाच असा अनुभव येईल, असे म्हणवत नाही. तारण लागत नसतानाही ‘दोन जामीनदार आणा’ म्हणणारी शाखा मलाही आधी भेटली होतीच. ज्यांचा धंदा हंगामी नाही, खर्च मोठा आहे आणि ज्या 35 टक्क्यांत बसतात, अशा भगिनींनी पीएमईजीपीची वाट जरूर पाहावी.

क्रम मात्र विचारपूर्वक ठरवावा, कारण पीएमईजीपीचे पहिले कर्ज नव्या उद्योगालाच मिळते. एकदा चक्की फिरली, की ते दार बंद होते. उलट, मुद्रा कर्ज नीट फेडलेल्या आणि नफ्यात असलेल्या उद्योगाला विस्तारासाठी पीएमईजीपीतूनच दुसरे कर्ज मागता येते आणि त्यावर 15 टक्के अनुदान असते. माझा शेवटचा हप्ता येत्या मार्चमध्ये आहे. त्या अर्जाला मी हंगाम आटोपल्यावर, जूनमध्येच लागणार आहे.