‘गाठी विरघळवून देतो’ म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका

माझी मुलगी 20 वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिची पाळी दोन-दोन महिने लांबायला लागली, हनुवटीवर राठ केस आले. डॉक्टरांनी थायरॉइड, प्रोलॅक्टिन ही हार्मोन्स तपासली, सोनोग्राफी केली आणि पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास, असल्याचं सांगितलं. यालाच पीसीओडीही म्हणतात. हे मुळापासून जात नाही, पण आटोक्यात राहतं, असं त्या म्हणाल्या. मी त्यातलं ‘जात नाही’ एवढंच डोक्यात घेऊन घरी आले.

तेवढ्यात कोणीतरी नागपुरात मानेवाडा रोडवरचं एक ठिकाण सुचवलं. साधं रो हाऊस, दारावर ‘पीसीओडी मुळापासून बरा’ अशी पाटी. आतल्या बाईंनी मुलीच्या हातात धातूची कांडी दिली. तिची वायर लॅपटॉपला जोडलेली. वय, उंची, वजन टाकलं आणि मिनिटभरात रंगीत कागदांचा गठ्ठा छापून निघाला. “अंडाशयात गाठीच गाठी आहेत ताई. आत्ता विरघळवल्या नाहीत तर लग्नानंतर मूल होणं कठीण.” हे पोरीच्या तोंडावर. ती तिथंच रडायला लागली. मी उभ्या उभ्या तीन महिन्यांच्या पावडरचे 18,500 रुपये भरले. डॉक्टरांच्या गोळ्याही त्यांनी बंद करायला लावल्या.

तिसऱ्या महिन्यात पुन्हा कांडी धरली. गाठी 80 टक्के कमी! पण पाळी तर एकदाही आली नव्हती. मला शंका आली. म्हटलं, माझीही तपासणी करा. माझ्या रिपोर्टात छापून आलं, अंडाशयाचं कार्य उत्तम. माझी पिशवी आणि दोन्ही अंडाशयं 2019 मध्येच ऑपरेशन करून काढलेली आहेत.

पैसे परत मागितले तर पावती दाखवली. तिच्यावर उपचार हा शब्दच नाही, ‘आहारपूरक’ लिहिलेलं. डबा नीट पाहिला तेव्हा त्यावर अन्नपदार्थांवर असतो तो एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) 14 आकडी नंबर होता. औषधाचा परवाना नाही, बॅच नंबर नाही. हे मी आधीच पाहायला हवं होतं.

मग मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, ओपीडीत गेलो. तिथल्या डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं, की या गाठी नव्हेतच. दर महिन्याला वाढायला लागलेले, पण हार्मोन बिघडल्यामुळे अर्ध्यातच थांबलेले बीजकोश आहेत ते. विरघळवायचं काही नाहीच. खरी काळजी वेगळी. पाळी तीन-तीन महिने आली नाही तर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, आणि हे वर्षानुवर्षं चाललं तर पुढे कॅन्सरचा धोका वाढतो. इन्शुलिन नीट काम करत नाही, म्हणून 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून साखरही तपासली. मुलाचं विचारलं तर म्हणाले, पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात, काहींना औषधांची मदत लागते. ते ऐकताना पोरीनं माझा हात घट्ट धरला होता.

पाळीच्या तक्रारी बऱ्या करण्याची जाहिरात करायला 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यानं बंदी आहे, हे मला नंतर कळलं. मी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. पावती, डबा, दोन्ही रिपोर्ट जपून ठेवलेत. तुम्हीही असलं काही फेकू नका.

मुलगी आता गोळ्या घेते, संध्याकाळी फुटाळा तलावावर पाऊण तास चालते. वजन 68 वरून 64 किलोवर आलंय. पाळीच्या तारखा ती स्वतः कॅलेंडरवर लिहिते. मागच्या दोन पाळ्यांत 36 दिवसांचं अंतर होतं.