बाराखडी की अक्षरगट? सीमाभागातल्या पहिलीच्या वर्गातून

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या मराठी माध्यमाच्या सरकारी शाळांत मी बरीच वर्षे पहिली-दुसरीला शिकवत आलो आहे. यंदा प्रथमच हा वर्ग हाती आलेले तरुण शिक्षक वाचनाची सुरुवात कशाने करावी, असे विचारतात. मुळाक्षरे आणि बाराखडी, गोष्टीतून वाचन आणि अक्षरगट, म्हणजे मोजकी अक्षरे निवडून त्यांचेच शब्द लगेच वाचायला देणे, या तिन्ही वाटांनी मी चाललो आहे. निकाल देण्याइतकी मोजमापे माझ्याजवळ नाहीत. जे वर्गात दिसले, तेवढेच सांगतो.

गोष्टीची पद्धत ऐकायला सर्वांत गोड आहे. शिक्षकाने गोष्ट वाचावी, मुलांनी ओळींवर बोट फिरवत मागून म्हणावी, आणि हळूहळू शब्द ओळखीचे व्हावेत, अशी तिची कल्पना. ज्या घरात रोज वर्तमानपत्र येते, त्या घरातल्या मुलाला ती मानवतेही. माझ्या वर्गात मात्र मुले गोष्ट पाठ करत आणि दोन पाने एकदम उलटली गेली तरी मागच्याच पानावरचा मजकूर खणखणीत आवाजात म्हणत राहत. गोष्ट रोज वाचून दाखवावी, याबद्दल माझे दुमत नाही. पण केवळ तिच्या आधारावर वाचन येईल, ही आशा मी सोडली.

खरी निवड उरते ती बाराखडी आणि अक्षरगट यांच्यात. बाराखडीची बाजू हलकी समजू नये. आजीपासून शिकवणीच्या ताईपर्यंत सगळ्यांना ती येते, त्यामुळे घरचा अभ्यास आपोआप होतो. एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता असतात तेव्हा एक वर्ग बाराखडी घोकत असताना दुसऱ्याकडे पाहता येते, आणि ही सोय किती मोलाची आहे, ते तशा शाळेत काम केलेल्यालाच कळेल. शिवाय ग, म, भ, न अशी वळणाने जवळची अक्षरे एकत्र गिरवण्याची जुनी रीत हाताला खरोखरच वळण लावते. लेखनासाठी ती मी आजही सोडलेली नाही.

माझे मन फिरले ते एका बारीकशा कटकटीमुळे. दुसरीतला एक मुलगा बाराखडी न अडखळता म्हणे, अगदी ‘क्ष’ची सुद्धा. एके दिवशी त्याच्यापुढे ‘केळी’ हा शब्द ठेवला. त्याचे ओठ हलू लागले: क, का, कि, की, कु, कू, के. सातव्या पायरीवर पहिले अक्षर हाती लागले. मग ळ, ळा, ळि, ळी. दोन अक्षरांसाठी अकरा पायऱ्या चढून तो वर पोहोचला, तोवर ‘के’ खाली कुठेतरी सांडला होता. त्याने माझ्याकडे पाहिले आणि अंदाजाने म्हणाला, “होळी?” हा मुलगा अंडे खात नसे, त्यामुळे शाळेत मिळणारे केळे त्याने त्याच आठवड्यात माझ्यासमोर सोलून खाल्ले होते. पुढे मी मुद्दाम पाहू लागलो, तर वर्गातली निम्मी मुले अशीच पहिल्या पायरीपासून चढत होती. ओळीच्या मधले अक्षर सुटे दाखवले की त्यांचे पाय अडखळत. कदाचित दोष माझ्या शिकवण्याचा असेल, पण पुढे तिसरी-चौथीपर्यंत ही सवय सुटता सुटत नाही, असा माझा अनुभव आहे.

अक्षरगटात हा जिना नसतो. मी पहिल्या गटात क, म, र, ल, न आणि काना एवढेच घेतो. एवढ्यात काका, मामा, नाक, कान, काम, मका, नाला, कमान इतके शब्द होतात, आणि यातला एकही मुलाला परका नसतो. नंतर दीर्घ वेलांटी येते आणि काकी, मामी, नानी, मीरा ही मंडळी जमतात. बाराखडीत ऱ्हस्व वेलांटी काना संपताच येते, ती लिहायची आधी आणि उच्चारायची नंतर, म्हणून पहिलीच्या मुलाला चकवते. उलट मराठी शब्दाच्या शेवटचा इकार बहुतेक दीर्घच लिहिला जात असल्याने दीर्घ वेलांटी आधी शिकवली की ती लगेच कामाला येते. अक्षरगटात हा क्रम शिक्षकाच्या हातात राहतो.

आपल्या भागात आणखी एक गोष्ट विचारात घ्यावी लागते. मुलाला मराठीबरोबर कन्नडही वाचायचे असते. सरकारी शाळांतल्या लहान मुलांनी आनंदाने शिकावे यासाठीचा कर्नाटकाचा नली-कली हा उपक्रम 1995 मध्ये म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात युनिसेफच्या साहाय्याने सुरू झाला. त्यात कन्नडची सुरुवात अ-आ-इ-ई अशी न होता र, ग, स, द, अ या गटाने होते, म्हणजे ‘अरस’, ‘अगस’, ‘सर’ हे शब्द लगेच हाती येतात. कन्नडमध्ये शब्दाच्या शेवटचा अकार पूर्ण उच्चारतात, मराठीत तो गिळला जातो. कन्नड ‘मर’ म्हणजे झाड, आणि तो शब्द शेवटपर्यंत म्हणावा लागतो; मराठीत तीच अक्षरे तोडून म्हटली की वर्गात हशा पिकतो. सुटी अक्षरे पूर्ण उच्चारून घोकलेले मूल ‘कमल’ हा शब्द क-म-ल असा वाचते आणि ते तुकडे जुळतच नाहीत. पहिल्याच आठवड्यात पूर्ण शब्द ऐकत वाचलेल्या मुलाचा कान हा फरक स्वतःच पकडतो.

अक्षरगटाच्याही अडचणी आहेत, आणि त्या झाकण्यात अर्थ नाही. पाठ्यपुस्तक आपल्या गटाच्या क्रमाने चालतेच असे नाही, त्यामुळे अक्षरपट्ट्या स्वतः कापाव्या लागतात. मूल मध्येच दुसऱ्या शाळेत गेले तर तिथे त्याला अर्धी अक्षरे येत नाहीत, असा शेरा मिळतो. सुरुवातीच्या वाक्यांत ‘मामा मका काका’ असा कोरडेपणा येतो. त्यावर मी एक उपाय करतो. रोज एका मुलाने सांगितलेले वाक्य फळ्यावर जसेच्या तसे लिहितो, ‘पाऊस पडूलालाय’ असेल तर तसेच, आणि त्याखाली ‘पाऊस पडत आहे’. आपले बोलणे फळ्यावर उमटले हे पाहून मुले ते वाक्य उतरवून घेतात, त्यातली निम्मी अक्षरे अजून शिकवलेली नसली तरी.

सर्वांत अवघड जातात ते पालक. जुलैअखेर कोणीतरी येऊन विचारतेच, “गुरुजी, अजून ज्ञ पर्यंत झालं नाही?” ज्यांच्याकडे तीन इयत्ता एकाच खोलीत आहेत आणि पट्ट्या करायला वेळ नाही, त्यांनी बाराखडीने सुरुवात केली तरी मी त्यांना दोष देणार नाही, फक्त ओळीतले कोणतेही अक्षर मधूनच विचारण्याची सवय ठेवावी. माझ्या वर्गात बाराखडीचा तक्ता भिंतीवर लागतो, पण दसऱ्याच्या सुट्टीनंतर, मुले शब्द वाचू लागली की. तोपर्यंत तो कपाटावर गुंडाळून ठेवलेला असतो.