लॅटिन वाक्यांचं टेबल कॅलेंडर: कागद मस्त, मजकूर गुळमुळीत

रोज एक पान फाडायचं, त्यावर एक लॅटिन वाक्य, खाली उच्चार आणि दोन ओळींत अर्थ, असलं ठोकळा टाइप टेबल कॅलेंडर ऑनलाइन मागवलं. कंपनीचं नाव देत नाही, अशी ढीगभर मिळतात आणि सगळ्यांचा साचा एकच. कागद जाड आहे, छपाई सुबक. गोंद मात्र अगदीच सुमार, एक पान ओढलं की पुढचा आख्खा आठवडा हातात, मग रबरबँड लावून ठेवा.

पण खरी बोंब मजकुराची आहे. कुठलंही वाक्य घ्या, हे लोक त्याचा मोटिव्हेशनल सुविचार करून टाकतात. 'कार्पे डिएम'च्या (म्हणजे 'आजचा दिवस खुडून घे') पानावर डोंगरावर हात पसरून उभा असलेला माणूस आणि खाली काय, तर स्वप्नांचा पाठलाग करा. अहो, रोमन कवी होरेसची ही ओळ इ.स.पू. 23 च्या सुमारास आलेल्या कवितांमधली, त्यात तो ल्युकोनोई नावाच्या बाईला सांगतोय की देवांनी आपल्याला किती आयुष्य लिहिलंय ते विचारत बसू नकोस, त्या बॅबिलोनी ज्योतिषांच्या आकडेमोडीच्या नादी लागू नकोस, वाइन गाळून घे आणि उद्यावर शक्य तितका कमी भरवसा ठेव. थोडक्यात, बाई गं, पत्रिका बंद कर! आमच्याकडे शेजारीच कालनिर्णय लटकतंय, राशिभविष्यासकट, त्यामुळे मला तर फार हसू आलं.

'मेन्स साना इन कॉर्पोरे सानो'ला डंबेल्सचं चित्र. ज्युव्हेनल हा खवचट रोमन कवी, त्याच्या दहाव्या सटायरमध्ये (म्हणजे उपहासाच्या कवितेत) लोक देवाकडे पैसा, सत्ता, रूप, लांबलचक आयुष्य मागतात आणि तेच त्यांना कसं गोत्यात आणतं याची यादी आहे, आणि शेवटी म्हणतो, मागायचंच असेल तर धडधाकट शरीरात धडधाकट मन मागा. जिमचा काय संबंध? भाकरी आणि सर्कशीवर खूश राहणाऱ्या रोमन जनतेला टोमणा मारणारं 'पानेम एट सर्केन्सेस' पण याच सटायरमधलं, पण ते कुठेतरी भलत्याच महिन्यात टाकलंय आणि दोघांचा बाप एकच हे सांगायचं राहूनच गेलंय.

सगळ्यात वाईट म्हणजे 'पेकुनिया नॉन ओलेट' ('पैशाला वास येत नाही'), सोन्याच्या नाण्यांचा ढीग आणि खाली 'श्रीमंतीची लाज बाळगू नका'. मूळ किस्सा मुताचा आहे हो! सम्राट व्हेस्पेशियनने सार्वजनिक मुताऱ्यांमधल्या मुतावर टॅक्स बसवला (तेव्हा कपडे धुणारे ते वापरायचे), पोरगा टायटस कुरकुरला, तर बापाने त्या टॅक्सचं नाणं त्याच्या नाकाला लावलं, वास येतो का? नाही म्हणाला. अरे, मुतातूनच आलंय ते! हे रोमन चरित्रकार सुएटोनियसने लिहून ठेवलंय. इटलीत तर सार्वजनिक मुतारीला 'व्हेस्पासियानो'च म्हणायला लागले. इतका भारी किस्सा हातात असताना सुविचार छापायचा म्हणजे कमाल आहे.

'एट तू ब्रुटे'ला ('तू पण, ब्रुटस?') 'सीझरचे शेवटचे शब्द' असं ठोकून दिलंय. ते गाजलं शेक्सपिअरच्या नाटकामुळे. सुएटोनियसच्या मते सीझर काही न बोलताच गेला, आणि काही जण सांगतात की 'तू पण, पोरा?' म्हणाला, तर ते ग्रीकमध्ये. उच्चारांचाही गोंधळ, एका पानावर चर्चच्या पद्धतीने 'वेनी विडी विची' आणि दुसरीकडे जुन्या रोमन पद्धतीने 'किकेरो' (म्हणजे आपला सिसेरो, रोमन वक्ता), अरे एक काहीतरी ठरवा.

कोर्टाच्या रिटची, म्हणजे हुकुमांची, पानं मात्र खरंच चांगली आहेत. हेबियस कॉर्पस, मँडॅमस, सर्शिओरारी, को वॉरंटो, प्रत्येकाला कोण कोणाला काय हुकूम देतं ते सरळ सांगितलंय, डोंगर नाही नि सूर्योदय नाही. आपल्या राज्यघटनेच्या कलम 32 मध्ये हीच नावं आहेत, त्यामुळे एलएलबी करणाऱ्या भाचीने ती पानं लगेच पळवली.

पाचपैकी अडीच स्टार. सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळालं तर घ्या, आणि गोंदासाठी एक मोठी बुलडॉग क्लिप पण मागवून ठेवा.