पीएचपी ७.४ वरून ८.३ : भारी आहे, पण डबल इक्वलवर नजर ठेवा

लातूरच्या मोंढ्यात काही आडतींवर आपलं पट्टीचं सॉफ्टवेअर चालतं, वजन, भाव, त्यातून हमाली-तोलाई वजा आणि शेतकऱ्याच्या हातात हिशोबाची पट्टी, एवढंच काम. सगळं पीएचपी (वेबसाठीची प्रोग्रॅमिंग भाषा) ७.४ वर होतं. त्याचे सिक्युरिटी अपडेट नोव्हेंबर २०२२ मध्येच बंद झालेत पण "चालतंय ना, मग कशाला हात लावता" म्हणणारे आपल्याकडं लई. शेवटी सगळं ८.३ वर नेलं, त्याचा हा रिव्ह्यू.

जिथं कोड सरळ आपटतो तिथं टेन्शन नाही. क्रिएट फंक्शन आणि ईच ही जुनी फंक्शनं गेली, मोजणाऱ्या काउंट फंक्शनला नल (म्हणजे काहीच नाही) दिलं की टाइप एरर, आणि डेटाबेसची क्वेरी चुकली की डेटाबेसशी बोलणारं मायएसक्यूएलआय पीएचपी ८.१ पासून डायरेक्ट एक्सेप्शन (एरर) फेकतं, आधी गुपचूप फॉल्स देऊन पुढं जायचं. लाइन नंबर दिसतो, दुरुस्त करा, विषय संपला.

खरा ताप गप बसणाऱ्या बदलाचा. ७ मध्ये रिकामी स्ट्रिंग (कोरा मजकूर) आणि शून्य डबल इक्वलनं (==) ताडून बघितले की ट्रू यायचं, ८ पासून फॉल्स येतं. आता आमच्या पट्टीत अट अशी की हमाली शून्य असली तर ती ओळच छापायची नाही, आणि मुनीम लोक शून्य कशाला टाकतील, रकाना कोराच सोडतात. मग टेस्टिंगला पट्टी काढली तर "हमाली :" आणि पुढं काहीच नाही! ना वॉर्निंग, ना लॉगमध्ये काही. मुनीमकाकानं विचारलंच, "माफ केली का लिवायची राहिली?" फॉर्ममधून आलेला प्रत्येक आकडा आधी फ्लोटमध्ये (दशांश संख्येत) कास्ट करून म्हणजे बदलून घेतला तेव्हा कुठं पट्टी जागेवर आली.

८.२ पासून क्लासमध्ये न सांगितलेली प्रॉपर्टी वापरली की डेप्रिकेटेडचा (ही पद्धत पुढं बंद होणार असा) मेसेज येतो, कोड चालतो, पण डिस्प्ले एरर्स (एरर थेट आउटपुटमध्ये दाखवायची सेटिंग) चालू असंल तर तो मेसेज पीडीएफची वाट लावतो. लाइव्हवर बंदच ठेवा, लॉगमध्ये वाचा.

आवडलं काय तर सॉर्ट (यादी क्रमानं लावणं). ८ पासून एकाच भावाचे सौदे आले त्याच क्रमानं राहतात, आधी त्याची गॅरंटी नव्हती. मजकुरात शब्द आहे का नाही ते सांगणारं स्ट्रिंग कंटेन्स पण आलंय, आधीचं स्ट्रपॉस शब्द सुरुवातीलाच असला तर शून्य आणि नसला तर फॉल्स द्यायचं, ती कटकट मिटली.

पाचपैकी चार स्टार. ८.१ वर थांबू नका, त्याचा सपोर्ट डिसेंबर २०२५ ला संपला, ८.३ ला २०२७ च्या शेवटपर्यंत सिक्युरिटी अपडेट आहेत. आणि दसरा-दिवाळीला सोयाबीनची आवक चालू असताना हे काम काढू नका भौ, पेरणीच्या दिवसात मोंढा थंड असतो तेव्हा उरका.